विहिरीवरचं गार इंजिन हँडल मारून सुरू व्हायलाच हवं होतं, शंतनुरावांचा खडकीचा कारखाना त्यावरच उभा होता

पुण्यात डिसेंबर लागला, पारा दहाच्या आसपास घुटमळायला लागला की सकाळी सात वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये हमखास एखादी गाडी कुरकुरत असते. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडतं, पण धड चालत नाही. आरपीएमचा काटा वरखाली नाचतो, स्टिअरिंग थरथरतं, मध्येच एखादा गचका बसतो. दोनचार मिनिटांनी सगळं आपोआप शांत. गॅरेजपर्यंत नेईस्तोवर गाडी गरम झालेली असते आणि मेकॅनिकसमोर अगदी शहाण्यासारखी वागते.

आपल्याला वाटतं हे कारचं दुखणं. पण आपल्याकडं गार इंजिनाचा त्रास ज्यांनी सगळ्यात जास्त सोसला ते कारवाले नव्हते. ते शेतकरी होते. विहिरीच्या काठावर, पहाटेच्या गारठ्यात, हातात लोखंडी हँडल घेऊन उभे राहिलेले. त्यांच्यासमोर जे इंजिन असायचं, त्यावर बहुतेक वेळा एकच नाव असायचं, किर्लोस्कर. आणि ते इंजिन पुण्यात खडकीला बनवायचं ठरवणारा माणूस म्हणजे शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ चा, सोलापूरचा. वडील लक्ष्मणराव तेव्हा बेळगावात होते. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिक्षकाची नोकरी त्यांनी सोडली होती, कारण हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली गेली. मग सायकलींचं दुकान, त्यानंतर कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाच्या नांगरानं जमिनीला विष चढतं असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळं सुरुवातीला नांगर पडून राहिले. त्यात बेळगावच्या नगरपालिकेला नवी वसाहत करायची होती, म्हणून कारखान्याची जागाही गेली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा माळ त्यांनी दिला. निवडुंग, साप आणि दगड. १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी वसली.

म्हणजे शंतनुराव सात वर्षांचे असताना त्यांच्या डोळ्यांसमोर निवडुंग तोडून कारखाना उभा राहात होता. पुढं त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच 'कॅक्टस अँड रोझेस'.

शाळा औंधात आणि पुण्यात झाली. १९२२ साली त्यांनी अमेरिका गाठली, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी म्हणजे एमआयटी. तिथं शिकलेल्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी ते एक. १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन परत आले ते थेट किर्लोस्करवाडीच्या शॉपमध्ये. त्याच सुमारास तिथं पाण्याचे पंप बनायला लागले होते. पुढची वीस वर्षं नांगर, पंप, उसाचे चरक, लेथ, लोखंडी फर्निचर असं जे विकलं जाईल ते बनवण्यात गेली. याच वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघायचं, पुढं त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि नांगराच्या जाहिरातीसाठी सुरू झालेलं पत्रक मराठी साहित्यात जाऊन बसलं. पण तो वेगळाच किस्सा आहे.

आता पंप म्हटलं की प्रश्न येतो तो फिरवणार कोण याचा.

त्या काळात खेड्यात वीज नव्हती. मोटेला बैल जुंपायचे आणि चामड्याच्या मोटेनं पाणी उपसायचं. सेंट्रिफ्युगल पंपाला मात्र वेग लागतो, तो बैलाला जमत नाही. इंजिन हवं. ते यायचं विलायतेतून. लिस्टर, पेटर, रस्टन ही नावं गुजरात-महाराष्ट्रातल्या जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी अजून सापडतात. महायुद्धात आयात आटली आणि पंप बनवणाऱ्या किर्लोस्करांच्या लक्षात आलं की आपला धंदा दुसऱ्याच्या इंजिनावर लटकलेला आहे.

१९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. जागा निवडली पुण्याजवळची खडकी. किर्लोस्करवाडी का नाही, तर तिथं विजेपासून कुशल कामगारापर्यंत सगळं स्वतःच उभं करावं लागायचं. खडकीला रेल्वे होती, दारूगोळ्याच्या कारखान्यामुळं यंत्रावर काम करणारे हात होते आणि मुंबई एका रात्रीच्या अंतरावर. आज कंपनीसमोरच्या रस्त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव आहे.

पण सुरुवातीचे दिवस सोपे नव्हते. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात जी जाळपोळ झाली, तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटवला गेला. अडतीस वर्षं उभं केलेलं एका दिवसात जळलं. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. इकडं पुण्यात नवा कारखाना बाळसं धरायच्या आत जुना कारखाना नव्यानं बांधायची वेळ आली. किर्लोस्करांनी दोन्ही केलं. लक्ष्मणराव १९५६ साली गेले, तोवर खडकीची इंजिनं शेतात पोचली होती.

ती इंजिनं नेमकी कशी होती हे इथं थोडं समजून घेऊ, कारण आपल्या पार्किंगमधल्या कारचं कोडं त्यातच सुटतं.

खडकीचं सगळ्यात गाजलेलं मॉडेल एव्ही-१. मूळ घडण ब्रिटनच्या पेटर इंजिनाची. एकच सिलिंडर, ८० मिलिमीटर व्यास, ११० मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे साधारण ५५३ सीसी. ताकद ५ हॉर्सपॉवर आणि वेग मिनिटाला १५०० फेरे. राजकोटकडं बनणारी लिस्टर जातीची इंजिनं ६५० फेऱ्यांवर डुगडुग चालायची, अवजड पण सोशिक. १५०० फेऱ्यांचं इंजिन त्याच ताकदीला हलकं आणि आटोपशीर होतं. बदल्यात ते नाजूक मापं मागतं. पंप, नोझल, रिंगा, व्हॉल्व्ह, कशातही ढिलाई चालत नाही. आणि ही ढिलाई सगळ्यात आधी उघडी पडते ती गार स्टार्टला.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटावं. एव्ही-१ मध्ये हवा साडेसोळा पट दाबली जाते. इंजिन गरम असेल तर हवा सहज पाचशे अंशांच्या वर जाते आणि डिझेल झटक्यात पेटतं. पण रात्रभर थंडीत पडलेल्या इंजिनाच्या भिंती गार असतात, त्या हवेतली उष्णता ओढून घेतात. हँडलनं फिरवलेलं इंजिन हळू फिरतं, म्हणून हवेला रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो. परिणाम असा की काही वेळा डिझेल पेटतं, काही वेळा नुसतंच वाफ होऊन धुराड्यातून पांढऱ्या धुरासारखं बाहेर पडतं. पेटलं, नाही पेटलं, पेटलं, नाही पेटलं. हीच ती थरथर.

म्हणून या इंजिनाला डीकॉम्प्रेशनचा खटका असतो. खटका उचलला की व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो, दाब होत नाही आणि हँडल सहज फिरतं. जड फ्लायव्हीलला चांगला वेग आला की खटका सोडायचा. त्या वेगाच्या जोरावर पिस्टन पहिला दाब पार करतो आणि इंजिन पकडतं. हँडल सोडण्याचं टायमिंग चुकलं तर मनगट गेलंच समजा. जुन्या शेतकऱ्यांना हे इंजिन हाताळायला कुठल्या कोर्सची गरज पडली नाही, पण अंगठा हँडलच्या कोणत्या बाजूला ठेवायचा हे मात्र प्रत्येकाला कुणीतरी दटावून शिकवलेलं असायचं.

आता इथं पणाला काय लागलेलं असायचं ते बघा. उसाची किंवा भाजीपाल्याची पाळी चुकली, उन्हाळ्यात चार दिवस पाणी मिळालं नाही, की पीक हातचं गेलं. पंपसेट कर्जावर घेतलेला. इंजिन बिघडलं तर सुटा भाग आणायला तालुक्याला एसटीनं जायचं. अशा माणसाला इंजिन विकणं म्हणजे फक्त यंत्र विकणं नव्हे. शंतनुरावांच्या धंद्याचं यश इथं होतं असं मला वाटतं. गावोगावच्या बाजारपेठेत विक्रेता, त्याच्याकडं सुटे भाग आणि दुरुस्ती जाणणारा मिस्त्री. एमआयटीची पदवी या जाळ्यासमोर फिकी आहे. इंजेक्शन पंप आणि नोझल बनवणारी मायको कंपनी १९५१ साली बंगळुरात सुरू झाली आणि तेही भाग देशात मिळायला लागले.

हे मिस्त्री गार इंजिनाचं दुखणं कसं ओळखायचे? त्यांच्याकडं स्कॅनर नव्हता. डोळे, कान आणि हात.

पहिलं बघायचं धुराकडं. पांढरा धूर म्हणजे डिझेल जातंय पण पेटत नाही. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय.

मग हँडल. डीकॉम्प्रेशनचा खटका न लावता हँडल सावकाश फिरवायचं. पिस्टन वर येताना स्प्रिंगसारखा उलटा रेटा जाणवला तर दाब चांगला आहे. नुसतंच फुस्स करून पार झालं तर गळती आहे, आणि फुस्स कुठून येतंय ते ऐकायचं. हवा घेण्याच्या तोंडाशी ऐकू आलं तर इनलेट व्हॉल्व्ह, धुराड्यात ऐकू आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, खाली क्रँककेसमधून आलं तर रिंगा गेल्या. शंका असेल तर सिलिंडरमध्ये थोडंसं ऑइल सोडून परत फिरवायचं. दाब वाढला तर दोष रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्व्हचा. कुठलंही यंत्र न लावता हा निकाल मिळतो, आणि मला तरी ही युक्ती आजच्या कुठल्याही ॲपपेक्षा भारी वाटते.

दाब ठीक असेल तर पाळी डिझेलची. लाइनमध्ये हवा शिरली असेल तर इंजिन चालू होऊन मिनिटभरात मरतं, तेव्हा फिल्टरचा आणि पंपाचा स्क्रू ढिला करून बुडबुडे जाईपर्यंत डिझेल सोडायचं. नोझल बाहेर काढून फवारा बघायचा. धुक्यासारखा बारीक हवा, पिचकारीसारखी धार किंवा थेंब गळत असतील तर नोझल खराब. हा फवारा दोनशे बारच्या आसपास दाबाचा असतो, तो थेट कातडीत घुसतो, त्यामुळं समोर हात धरायचा नाही. आणि वेग एका लयीत वरखाली होत असेल तर बहुतेकदा गव्हर्नरचा दांडा अडकतोय.

या सगळ्यात एक दोष असा होता की तो इंजिनात नव्हताच, वापरण्यात होता. विहिरीवरच्या अनेक इंजिनांना रेडिएटर नसायचा. पंपाच्या पाण्याचाच एक फाटा इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवायचे. विहिरीचं गार पाणी जोरात वाहतंय आणि इंजिन हाताला थंडगार लागतंय, हे बघून शेतकरी खूश. प्रत्यक्षात ते इंजिन दिवसभर गार स्टार्टच्या अवस्थेतच चालत असायचं. डिझेल नीट जळत नाही, सिलिंडर झिजतो, खर्च वाढतो. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशनला, म्हणजे पीसीआरएला, शेतकऱ्यांना हे मुद्दाम सांगत फिरावं लागलं की पाण्याचा प्रवाह कमी करा, बाहेर येणारं पाणी चांगलं गरम, साठ-सत्तर अंशांचं असू द्या. इंजिन थंड ठेवायचं नसतं, योग्य तितकं गरम ठेवायचं असतं.

आता परत पार्किंगमधल्या कारकडं या. हीच गोष्ट तिथं थर्मोस्टॅट करतो. तो उघडा अडकला तर इंजिन लवकर तापत नाही, खडबडणं लांबतं आणि ॲव्हरेज पडतं. बाकीचा तर्कही तोच.

पेट्रोल थंडीत नीट वाफ होत नाही, गार भिंतींना चिकटून राहतं, म्हणून सुरुवातीला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. प्रीमियर पद्मिनीत आणि जुन्या मारुती ८०० मध्ये त्यासाठी चोक ओढायचा. आता ते काम इंजिनाचा कॉम्प्युटर करतो आणि थंडी किती आहे हे त्याला कूलंट टेम्परेचर सेन्सर सांगतो. सेन्सर खोटं बोलला, इंजिन गार असताना गरम आहे म्हणाला, तर पेट्रोल कमी पडतं आणि थरथर सुरू. हे पकडायची सोपी रीत म्हणजे गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी इंजिन चालू करण्याआधी फक्त इग्निशन ऑन करून स्कॅनर लावायचा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही बाहेरच्या थंडीइतकीच दिसली पाहिजेत. एक १२ आणि दुसरं ४० दाखवत असेल तर चोर सापडला.

त्याआधी स्वस्तातल्या गोष्टी उरकून घ्या. बॅटरी अशक्त असेल तर थंडीत तीच आधी हात टेकते. स्पार्क प्लग किती किलोमीटर झाले ते बघा. थ्रॉटल बॉडीवर कार्बन साचला असेल तर साफ करून घ्या. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तो साचतोच. इंजिनच्या रबरी नळ्यांना चीर असेल तर तिथून हिशोबाबाहेरची हवा शिरते, गार रबर आकसलेलं असताना जास्त. डिझेल गाडी असेल तर ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबा. एखादा ग्लो प्लग गेला असेल तर तो सिलिंडर गरम होईपर्यंत पांढरा धूर आणि थरथर दोन्ही मिळतील.

थरथर इतकी जाणवते का, तेही सांगतो. चार सिलिंडरची गाडी ८०० आरपीएमवर असते तेव्हा प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. त्यातला एक रुसला तर सेकंदाला सहासात वेळा धक्का चुकतो आणि तो थेट तुमच्या सीटपर्यंत येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला सोडून या. दोष गार इंजिनाचा आहे, मेकॅनिकला तो गार इंजिनातच दिसणार.

इकडं शंतनुरावांचा पसारा वाढतच गेला. १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक, १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्ससोबत कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स. खडकीची लहान इंजिनं आणि कोथरूडची मोठी. पुढं बजाज, टेल्को आल्यावर पुणं गाड्यांचं शहर म्हणून ओळखलं जाऊ लागलं, पण इंजिन बनवणारे हात या शहरात आधीच तयार झालेले होते. १९६५ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. फिक्कीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडं आलं. लायसन्स आणि परमिटच्या राज्यावर ते उघडपणे टीका करायचे, तेही अशा काळात जेव्हा उद्योगपतींनी दिल्लीशी गोड बोलायची रीत होती. सगळ्यांना ते पटायचं असं नाही. कामगार चळवळीतल्या आणि समाजवादी पुण्यात त्यांचे विरोधक भरपूर होते. १९९१ साली दिल्लीनं लायसन्स राज गुंडाळायला घेतलं तेव्हा शंतनुराव ८८ वर्षांचे होते.

२४ एप्रिल १९९४ रोजी ते गेले. शेतातली बरीचशी डिझेल इंजिनं तोवर विजेच्या मोटारींनी हटवली होती.

पण खडकीच्या त्या एका सिलिंडरच्या इंजिनाला वेगळंच आयुष्य मिळालं. देशभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या लॅबमध्ये एव्ही-१ आणि त्याचा भाऊ टीव्ही-१, म्हणजे ६६१ सीसी आणि साडेसतरा पट दाबाचं इंजिन, आजही बसवलेलं असतं. करंजाच्या तेलापासून बायोडिझेलपर्यंत नवं इंधन तपासायचं म्हटलं की संशोधक आधी त्याच इंजिनाकडं वळतात. मुलं हँडल मारतात, पांढरा धूर निघतो, इंजिन थोडा वेळ थडथडतं, आणि ते पुरेसं गरम होईपर्यंत वहीत एकही आकडा लिहायचा नाही असा लॅबचा नियम असतो.